सेहतखाना ते सेफ्टी टाकी

काही वर्षांपूर्वी नांदेडला घराचे बांधकाम काढले, तेव्हा गवंड्याने वहीच्या पानावर लिहून दिलेले अंदाजपत्रक मी अजून जपून ठेवले आहे. पाया, जोते, भिंती, स्लॅब असे करत ती यादी खाली उतरते आणि शेवटून तिसऱ्या ओळीत 'सेफ्टी टाकी, नग १' असे शब्द येतात. मराठीचा अध्यापक असल्यामुळे असेल, पण माझे लक्ष आकड्याच्या आधी शब्दावर गेले. 'सेप्टिक'चे 'सेफ्टी' झाले होते. ही त्या एका गवंड्याची चूक नव्हे. सिमेंटच्या दुकानात, ग्रामपंचायतीत, शेजारपाजारच्या बोलण्यात ही टाकी आपल्याकडे सर्रास 'सेफ्टी' याच नावाने ओळखली जाते. 'सेप्टिक' या शब्दाच्या मुळाशी कुजणे, सडणे या अर्थाचा ग्रीक धातू आहे. म्हणजे कुजण्याच्या टाकीला लोकभाषेने सुरक्षिततेची टाकी करून टाकले.

"सर, टाकी मोठीच घ्या," गवंडी म्हणाला. "दहा बाय सहा घ्या, सहा फूट खोल. एकदा झाकण बसलं की तुमच्या हयातीत बघायचं काम नाही."

मी टाकी मोठी घेतली. 'हयातीत बघायचं काम नाही' हे वाक्य मात्र मनात राहिले. प्रस्तुत लेख त्या वाक्याचा माग काढण्याचा प्रयत्न आहे.

आधी थोडे शब्दांविषयी. मराठीत या जागेला जितकी नावे आहेत, तितकी क्वचितच घरातल्या दुसऱ्या एखाद्या जागेला असतील, आणि त्यांतली बरीचशी तोंड फिरवून उच्चारलेली आहेत. 'पायखाना' म्हणजे पाय ठेवण्याची जागा. जुन्या मराठीतला 'शेतखाना' हा फार्सी 'सेहतखान्या'वरून आला. सेहत म्हणजे आरोग्य, तेव्हा हे आरोग्याचे घर. (खेड्यातल्या माणसाला त्यात 'शेत' ऐकू आले असेल तर त्यात त्याचे काही चुकले असे म्हणवत नाही.) निजामी राजवटीत मराठवाड्याच्या दफ्तराची भाषा उर्दू, तिच्यातला 'बैतुलखला' म्हणजे एकांताचे, रितेपणाचे घर. आणि जो माणूस हे आरोग्याचे घर रोज साफ करी, त्याचे नाव काय? 'मेहतर', म्हणजे फार्सीत थोर, सरदार. मुंबईकडे 'हलालखोर', म्हणजे कष्टाचे, धर्माला मान्य असलेले अन्न खाणारा. ज्याच्या हातचे पाणी घ्यायचे नाही त्याला सरदार म्हणायचे, ही आपल्या समाजाची जुनी रीत. 'सेफ्टी टाकी' हा त्या परंपरेतला अगदी अलीकडचा शब्द आहे, असे मला वाटते.

टाकीचा स्वतःचा इतिहास तसा तरुण आहे. फ्रान्समधल्या व्हेसूल गावी झाँ-लुई मूरास याने १८६०च्या सुमारास घराखाली बंद हौद बांधला आणि काही वर्षांनी तो उघडला, तर अपेक्षेपेक्षा फारच कमी गाळ त्यात सापडला. हवा न लागता जे कुजते, त्यातले बरेचसे पाणी आणि वायू होऊन निघून जाते, हे त्या हौदाने दाखवले. १८८१ मध्ये मूरासने त्याचे पेटंट घेतले. पुढे १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्सटर शहराचा सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन याने तशीच रचना शहराच्या सांडपाण्यासाठी बांधली आणि तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले.

ही कल्पना हिंदुस्थानात फार लवकर पोचली, आणि ती जिथे पोचली ती जागा साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. मुंबईत माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी १८९० मध्ये आश्रम निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे सेप्टिक टाकी बांधली गेली, आणि तिच्यातून निघणारा वायू गोळा करून इंधन म्हणून वापरण्यात आला. मैल्यातल्या वायूचा असा उपयोग करण्याचे हे हिंदुस्थानातले अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक. कार्कीट जेम्स या अभियंत्याचा पौर्वात्य शहरांच्या मैलानिस्सारणावरचा ग्रंथ १९०२ चा. आश्रमाला ज्याचे नाव मिळाले तो मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ. हे नाव मराठीच्या विद्यार्थ्याला दुसरीकडून ठाऊक असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' (१८९१) सिद्ध करणारा आणि १८९४ मध्ये त्यांतले काही इंग्रजीत नेणारा अ‍ॅक्वर्थ तो हाच. गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे उतरवून घेणे आणि शहराने बाहेर टाकलेल्या माणसांसाठी घर बांधणे ही दोन कामे एकाच माणसाने एकाच काळात केली. वाङ्मयेतिहासात पहिले काम नोंदले जाते, दुसरे नाही. असो.

मुंबईतली ही हालचाल मराठवाड्यापर्यंत पोचण्याचे कारण नव्हते. नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर ही निजामाच्या राज्यातली गावे. १९०८ साली मुसा नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाल्यावर निजामाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी पूरनियंत्रणाबरोबर शहराच्या गटारांचाही आराखडा दिला. पण तो राजधानीपुरता. जिल्ह्याच्या गावांत जुनी व्यवस्थाच चालू राहिली: वाड्याच्या मागच्या अंगाला उंचावर संडास, खाली टोपली किंवा डबा, आणि मागच्या बोळात उघडणारी लहानशी खिडकी. त्या बोळातून येणारा माणूस घराला दिसत नसे. तो दिसू नये अशीच बांधणी होती. बाकी गाव गोदरीला जाई. बाया पहाटेच्या अंधारात नाहीतर दिवेलागणीनंतर जात. पोट बिघडले तर दिवसभर काय करायचे, याचे उत्तर कुणाकडे नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. टोपली मात्र त्यानंतरही बराच काळ टिकली.

टोपली गेली ती टाकीमुळे. मराठवाड्याच्या शहरांत सरकारी क्वार्टर, नंतर कॉलनी, नंतर खाजगी प्लॉट अशी वस्ती वाढत गेली, भुयारी गटार कुठेच नव्हते, आणि म्हणून प्रत्येक घर आपापला खड्डा घेऊन जन्माला आले. २००५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेत महाराष्ट्रातली जी पाच शहरे होती त्यांत नांदेड होते. गुरु-ता-गद्दीचे त्रिशताब्दी वर्ष २००८, ते समोर ठेवून शहरात रस्ते, घाट आणि गटारांची कामे निघाली. लातूरला तो योग आला नाही. तरीही दोन्ही शहरांत नव्या वस्तीतला माणूस आजही प्लॉट घेतला की आधी बोअर कुठे आणि टाकी कुठे, हे पाहतो.

आता त्या टाकीच्या पोटात काय असते ते थोडक्यात सांगतो, कारण वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असते. संडासाच्या भांड्याखाली वाकडा नळ असतो. त्याच्या बाकात पाणी साठून राहते आणि वास वर येत नाही. पाइपाने मैला पहिल्या कप्प्यात येतो. जड ते तळाशी बसते, हलके तेलकट ते साय धरल्यासारखे वर तरंगते, आणि मधले पाणी आडव्या भिंतीखालून दुसऱ्या कप्प्यात जाते. तिथून ते शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरावे, अशी अपेक्षा. तळाचा गाळ हवेविना कुजून कमी होतो, पण संपत नाही. दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो. भारतीय मानकानुसार पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटरच्या जरा वर, एवढी टाकी पुरते. तिच्यात सुमारे बाराशे लिटर मावतात. माझ्या दहा बाय सहाच्या टाकीत दहा हजार लिटर मावतात. आम्ही घरात चौघे.

हा फरक किती रुपयांचा? मी नंतर हिशेब मांडून पाहिला. मानकाच्या टाकीला खोदाई सव्वा ब्रासच्या आसपास आणि विटा आठशेच्या आत. माझ्या टाकीला सहा ब्रास खोदाई आणि सुमारे तेवीसशे विटा. आमच्याकडे वर तीन-चार फूट काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि मुरमाखाली खडक लागला की कुदळ थांबते व तासाच्या दराने ब्रेकर लागतो. शेवटचे दीड फूट ब्रेकरने फोडले. सिमेंट, वाळू, वरचा स्लॅब, आतला गिलावा, पाइप, वायू जाण्यासाठी छपराच्या वर नेलेली आणि टोकाला जाळी बांधलेली नळी, गवंडी आणि बिगाऱ्यांची मजुरी धरून बेरीज सत्तर हजारांच्या पुढे गेली. लहान टाकी पंचवीस हजारांत झाली असती. वरचे पंचेचाळीस हजार मी कशासाठी मोजले? मैल्यासाठी नव्हे, कारण तो मावायला लहान टाकी पुरेशी होती. ती रक्कम मी 'बघायचं काम नाही' या वाक्यासाठी मोजली.

आणि गंमत अशी, की एवढ्या खर्चात शोषखड्डा राहूनच गेला. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शोषखड्डा करायचा तर तो मुरमापर्यंत खोल नेऊन दगडगोट्यांनी भरावा लागतो, आणि विहिरीपासून साठएक फूट लांब ठेवावा लागतो. प्लॉटच तीस बाय चाळीसचा. तेव्हा दुसऱ्या कप्प्याचा पाइप सरळ रस्त्याच्या उघड्या गटारात सोडला. गल्लीतल्या सगळ्यांनी तेच केले आहे. टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसते, पण रोगजंतूंच्या दृष्टीने ते मुळीच निर्धोक नसते; ते गटारातून नाल्यात आणि नाल्यातून गोदावरीत जाते, जिथे आपण पर्वणीला स्नान करतो.

टाकीच्या प्रसाराकडे पाहताना मराठवाड्यातली एक घटना बाजूला ठेवता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत मातीत बसवलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. कुटुंबाच्या जमिनीनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. सरळ रस्ते, रांगेतली घरे आणि त्यांच्यासोबत संडास. ज्या गावांत शतकानुशतके गोदरी हीच सोय होती, तिथे एका फटक्यात प्रत्येक दारी शौचकूप आले. त्यांतल्या कित्येकांत पुढे जळण, कडबा आणि अवजारे ठेवली गेली. पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्यांनी ही गोष्ट नोंदवली, आणि अनेक शहरी वाचकांनी तिच्यावरून खेडुताच्या अडाणीपणाचा निष्कर्ष काढला. तो मला पटत नाही. नव्या गावात पाणी पुरेसे नव्हते, आणि खड्डा भरल्यावर त्याचे काय करायचे हे कुणी सांगितले नव्हते. जुन्या गावात ते काम कुणाकडे नव्हते, कारण तसे कामच नव्हते. घरकुलाबरोबर एक जातीचे काम येऊन दारात उभे राहणार होते. भरू न देणे हा त्यावरचा गावाने शोधलेला उपाय होता.

त्याच १९९३ मध्ये, भूकंपाच्या जेमतेम चार महिने आधी, डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा आणि कोरडे संडास यांना बंदी करणारा कायदा संसदेने केला. त्या कायद्याच्या लेखी प्रश्न टोपलीचा होता. पाण्याचा संडास आला की माणसाची सुटका झाली, असे गृहीत होते. टाकीच्या तोंडाशी कोण उतरणार, याचा विचार कायद्यात यायला २०१३ उजाडावे लागले.

वास्तविक, हे काम ज्याचे त्याने करावे असे सांगणारी माणसे महाराष्ट्रात होती. अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. भंगीकाम आपल्याला द्यावे ही त्यांची मागणी सवर्ण म्हणून नाकारली गेली, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी डिसेंबरमध्ये उपवास आरंभला. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पांनी जो संडास सिद्ध केला त्यात मैल्याचे खत होई आणि ते काढणे हे किळसवाणे काम राहत नसे. तुकोबांच्या देहूत डॉ. सुहास मापुसकर यांनी वैद्यकीय अधिकारी म्हणून आल्यानंतर उभे आयुष्य याच प्रश्नात घातले आणि मैल्यावर चालणारे गॅस संयंत्र घरोघर नेले. माटुंग्याचा धागा एका अर्थी तिथे पुन्हा हाती आला. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. सफाई कामगारांच्या जगण्याविषयी मराठीत अरुण ठाकूर आणि महम्मद खडस यांचे 'नरक सफाईची गोष्ट' आहे. आमच्या अभ्यासमंडळांनी ते कधी विचारात घेतले का, हे प्रत्येकाने आपल्यापुरते तपासावे.

सरकारची शिफारस आजही टाकीची नाही, दोन खड्ड्यांची आहे. दोन उथळ खड्डे, विटांच्या जाळीदार बांधणीचे. एक भरला की प्रवाह दुसऱ्यात वळवायचा, आणि वर्ष-दीड वर्षाने पहिल्यातले कोरडे, वास नसलेले खत फावड्याने काढायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात मिळणारे बारा हजार रुपये अशाच संडासाचा खर्च धरून ठरवले होते. लोकांनी ते घेतले, त्यात पदरचे तीस-चाळीस हजार घातले आणि खोल टाकी बांधली. डिएन कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी उत्तर भारतातील खेड्यांच्या पाहणीवर २०१७ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की छोटा खड्डा नको असण्यामागे तो रिकामा करण्याशी जोडलेली अस्पृश्यता आहे. पाहणी उत्तरेतली असली तरी माझ्या गवंड्याचे वाक्य त्यात जसेच्या तसे बसते. एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त घोषित झाला.

मराठवाड्याच्या माणसाला खड्ड्याचेच वावडे आहे असे मात्र म्हणता येणार नाही. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरचे सांडपाणी शोषखड्ड्यांत मुरवून उघडी गटारे आणि त्यांबरोबर डासही घालवले. 'नांदेड पॅटर्न' म्हणून त्याचे अनुकरण दूरवर झाले. तिथे खड्ड्यातला गाळ घरचीच माणसे काढतात. तोच मुरूम, तेच दगडगोटे, तेच फावडे. फरक एवढाच, की ते पाणी भांड्याधुण्याचे असते.

लातूरने या गोष्टीची दुसरी बाजू पाहिली. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पोचली. ज्या शहरात पिण्याचे पाणी साडेतीनशे किलोमीटरवरून येते, तिथे एकेका वेळी अर्धी बादली संडासात ओतायची कुठून? लोकांनी धुण्याचे पाणी साठवले, तेही पुरेना तेव्हा काही घरांतली माणसे पुन्हा मोकळ्या माळावर गेली. ऑगस्टपर्यंत गाडी येत राहिली.

आता शेवटी त्या झाकणाविषयी. बंद टाकीत मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड साठते. शेवटच्या वायूला सडक्या अंड्याचा वास असतो, पण त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास गेला असे वाटते. उतरलेला माणूस काही क्षणांत पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा. मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, अशाच एका टाकीत पाच मजूर मरण पावले. २०१३ चा कायदा संरक्षक साधनांवाचून माणूस आत उतरवायला मनाई करतो. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख रुपये भरपाई ठरवली. खोल टाकी जितकी जास्त वर्षे बंद, तितका तिच्यातला गाळ घट्ट, तितका तो यंत्राला न ओढवणारा, आणि तितकी माणूस आत उतरवण्याची वेळ येण्याची शक्यता अधिक. सत्तर हजार रुपये मोजून मी माझ्या हयातीतून जे काम हद्दपार केले, ते दुसऱ्या कुणाच्या हयातीत जमा झाले आहे.

गेल्या वर्षी अंगणात फरशी बसवताना झाकणावर फरशी घेऊ दिली नाही. फरशीवाल्याला ते रुचले नाही. सलग नक्षी मोडते म्हणाला. मग सक्शनच्या गाडीवाल्याला फोन लावला. त्याने विचारले, टाकी किती बाय किती, किती वर्षांची, आणि गाडी गल्लीत शिरते का. मी सांगितले. तीन खेपा होतील, तळाचा गाळ आधी पाणी मारून हलवावा लागेल, माणूस आत उतरणार नाही, पैसे खेपेवर, असे तो म्हणाला. मैला नेऊन कुठे टाकता, असे मी विचारले.

"ते आमचं आम्ही बघतो, सर," तो म्हणाला. "तुम्ही फक्त झाकण उघडून ठेवा."